एक तारा देणारी घार

कडावच्या नाक्यावर नागूची दूध डेअरी आहे, आणि आपल्या डोळ्यांत धूळ फेकणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं नागूचं स्वतःबद्दलचं ठाम मत आहे. दुधात पाणी किती, हे त्याला यंत्र लावायच्या आधीच कळतं. किटली घेऊन आलेला माणूस किती गोड हसतो, त्यावरून तो ओळखतो. हसू जितकं गोड, तितकं दूध पातळ. त्यामुळे हसतमुख माणसावर त्याचा विश्वास नाही, आणि रडक्या माणसावर तर त्याहून नाही.

या गुणामुळे आसपासच्या गावांत कुणाचं लग्न जुळायचं असलं, की समोरची माणसं आधी नागूकडे चौकशीला येतात. नको असलेलं अर्धा लिटर दूध मागतात आणि पिशवी हातात घेता घेता विचारतात, "ते वरच्या आळीतलं घर कसं हाय वो?" नागू कधी कुणाचं वाईट बोलत नाही. तो फक्त "बरं हाय" म्हणतो. पण "बरं" म्हटल्यावर किती थांबून "हाय" म्हणायचं, यात त्याची सगळी कला आहे. थांबला नाही तर सुपारी फुटते. थांबला तर पाहुणे दुधाची पिशवी फळीवरच विसरून निघून जातात. वर त्यांना तो बजावतो, "माझं नाव कुठं काढू नका."

तर अशा या नागूच्या एकुलत्या एक मुलाचं, हर्षदचं, लग्न ठरलं. मुलगी खालापूरची, नाव भाविका. खोपोलीला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. हर्षदही खोपोलीच्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. हे स्थळ आपण शोधून काढलं, असं नागू सगळीकडे सांगत होता. खरं तर हर्षद आणि भाविका वर्षभर खोपोलीच्या शिळफाट्याला एकाच ताटलीतली मिसळ खात होते, आणि नागूला "सापडावं" म्हणून त्यांनी ते स्थळ एका मध्यस्थाच्या तोंडून त्याच्या वाटेत ठेवलं होतं. पण ते जाऊ द्या. रविवारी साखरपुडा होता, आचारी सांगितला होता, आणि हर्षद इतका खुश होता की नागूला त्याचाही संशय यायला लागला होता.

त्यातच एका संध्याकाळी हर्षद तोंड पाडून घरी आला.

"बाबा, माझं नाव त्या चाळणीवर आलंय."

चाळणी हे एक ॲप होतं. मुली ज्या मुलांना भेटल्या, ज्यांच्याबरोबर फिरल्या किंवा ज्यांना लग्नासाठी पाहिलं, त्यांच्याबद्दल तिथे लिहायच्या. मुलाचं नाव आणि फोटो उघड. लिहिणारीचं नाव मात्र गुप्त. ॲप तिला एका पक्ष्याचं नाव द्यायचं, आणि दर वेळी नवा पक्षी. शेवटी एकापासून पाचपर्यंत तारे. आणि मुख्य म्हणजे आत फक्त बायकांना प्रवेश, तोही दर वेळी चेहरा दाखवून. भाविकाच्या मावसबहिणीने साखरपुड्याआधी सहज म्हणून हर्षदचं नाव टाकलं, तर तो सापडला. त्याला पूर्वी पाहून गेलेल्या कुठल्या दोघींनी लिहिलं होतं.

"काय लिवलंय?" नागूने विचारलं.

"वाईट नाही. एक म्हणते मुलगा सरळ आहे, कमी बोलतो. दुसरी म्हणते, चहा मागवताना मला विचारून मागवला. दोघींनी चार चार तारे दिलेत."

"चार? पाचवा कुठं गेला?"

"बाबा, चार चांगले असतात."

"पन ह्या दोघी कोन?"

"नाव नसतं. एक साळुंकी आहे, एक बुलबुल."

नागू खाटेवरून उठलाच. "सोताचं नाव लपवायचं आनि दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलायचं? ही कुठली रीत? तोंडावर येऊन बोला की."

हे वाक्य नागू बोलला, हे वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवावं. त्याच्या स्वतःच्या ते ध्यानात आलं नाही.

आपल्याच पोराचा फोटो आपल्याला बघायची बंदी, हे काही नागूला पटेना. त्याने बायकोला, जनीला, चुलीपुढून उठवलं. तिच्या फोनवर चाळणी घेतली. ॲपने चेहरा मागितला. जनीने डोक्यावरचा पदर नीट केला. ॲप म्हणालं, डोळे मिचकावा. जनी म्हणाली, "परक्यापुढं डोळं नाय मिचकवायची." नागूने समजूत घातल्यावर मिचकावले. मग ॲप म्हणालं, हसा.

"कुनाकडं बगून हसू?"

"माज्याकडं बघ."

जनीने नागूकडे पाहिलं आणि तिला काही हसू येईना. शेवटी हर्षदने मांजर आणून पुढे धरली, तेव्हा ॲपला खात्री पटली की जनी ही बाई आहे.

हर्षदचं पान उघडलं. दोन पक्षी, चार चार तारे. नागूने ते चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचलं. मुलीकडच्यांना उद्या वाटलं, की या पोरात काहीतरी कमी आहे म्हणून पाचवा तारा कापला, तर? दुधाच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस तो. भेसळ ओळखायची कशी हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे करायची कशी हेही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो शेजारच्या बेकरीत गेला. बेकरी लियाकतची. दोघांच्या घराची आणि धंद्याची एक भिंत सामाईक आणि मैत्री जुनी. लियाकतची बायको सफुरा गल्ल्यावर होती. नागूने तिला सगळं समजावून सांगितलं. सफुराने डोळे मिचकावले, हसली, आणि पाच तारे देऊन लिहिलं, "अतिशय नम्र मुलगा. थोरामोठ्यांना मान देणारा."

मग नागूने शिळफाट्याला बहिणीला फोन लावला. बहीण चिंधी. तिने लिहिलं, "राजबिंडा, निर्व्यसनी, कामसू." डेअरीत दूध घालायला येणारी बुधी म्हणाली, मला लिहिता येत नाही. नागूने तिच्या वतीने स्वतःच लिहिलं, "असा मुलगा पंचक्रोशीत नाही. त्याचे वडील तर देवमाणूस." दोन दिवसांत हर्षदच्या पानावर पोपट, मैना, कोकिळा, मोर, हंस असा थवाच उतरला. ज्या मुलाला घरात पाण्याचा पेला हातात द्यावा लागायचा, त्याच्या कष्टाळूपणाबद्दल वाचून खुद्द हर्षद चक्रावला.

"बाबा, हे खोटं आहे. काढायला सांगा."

"खोटं कसं? तुजं लगीन झाल्यावर खरं करून दाखव."

जनी मात्र रोज संध्याकाळी ते वाचून अस्वस्थ व्हायची. "एवढं ग्वाड नको वो," एकदा म्हणालीसुद्धा. पण नागू तेव्हा पोपटाने लिहिलेलं दूध सोसायटीच्या चेअरमनला मोठ्याने वाचून दाखवत होता.

आणि शुक्रवारी सकाळी हर्षदला भाविकाचा फोन आला.

हर्षद फोन कानाला लावून अंगणात गेला तो हसत, आणि परत आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चाळणीवर नवीन पक्षी आला होता. नाव घार. तारा एक. नागूने जनीचा फोन ओढून घेतला, तिच्या तोंडापुढे धरला आणि वाचायला लागला.

"हा मुलगा झोपेत घोरतो. कूस बदलताना सगळे पांघरूण ओढून घेतो. पहाटे थंडी वाजली की पाय पोटाशी घेऊन झोपतो. ओला टॉवेल गादीवर टाकतो. डाव्या मांडीवर भाजल्याचा डाग आहे. बाकी सांगण्यासारखे काही नाही."

नागूने हर्षदच्या मांडीकडे पाहिलं. हर्षदने आपल्या मांडीकडे पाहिलं. पँटमधून काही दिसत नव्हतं.

"भाविका विचारतेय, ही बाई कोण," हर्षद म्हणाला. "तिच्या आईने वाचलं. तिच्या बाबांनी वाचलं. साखरपुडा थांबवलाय. बाबा, शप्पथ सांगतो, अशी कुणी नाही. मी भाविकाशिवाय कुणाबरोबर मिसळसुद्धा खाल्ली नाही."

"कुठली मिसळ?"

"ते सोडा ना बाबा. आता मी काय करू?"

पोराच्या डोळ्यांत पाणी पाहून नागूला वाईट वाटलं. पण नागूला वाईट वाटलं, की त्याच्या डोक्यात लगेच संशय उभा राहतो. पोराचं वाटोळं करायला कुणीतरी टपलंय. ही घार बाहेरची नाही. घोरणं, पांघरूण, टॉवेल, डाग. घारीने अगदी घरात घिरट्या घातल्यात.

"तू काय बोलत नायस?" त्याने जनीला विचारलं.

जनी उठून आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. आदल्या दिवशीच निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडत होती. बिचारीला धक्का बसलाय, असं नागूला वाटलं.

पहिला संशय सामाईक भिंतीवर गेला. नागू तडक बेकरीत शिरला. लियाकत पावाचे ट्रे काढत होता.

"लियाकत, भिंतीपलीकडून माज्या पोराचं घोरनं तुमाला ऐकू येतं का?"

"येतं की," लियाकत सरळपणे म्हणाला. "उन्हाळ्यात तर आमी कूलर बंद ठेवला तरी वाटतं चालू हाय."

"म्हंजी घार तुमच्याच घरात हाय."

लियाकतला आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्याने ट्रे खाली ठेवला. "नागूदादा, माझ्या बायकोनं तुमी सांगितलं म्हणून खोटं चांगलं लिहिलं. आता तुमीच म्हणता की तिनं तुमच्या पोराची मांडी बघितली? तोंड सांभाळून बोला."

"मंग कोन लिवनार? नाव लपवून कुनाच्या पोराचं लगीन मोडायचं, याला काय म्हनायचं?"

"याला कडावमदी तुमची डेअरी म्हणतात," लियाकत म्हणाला. "माझ्या साडूच्या पोराचं स्थळ आलं होतं, तेव्हा चौकशीला आलेल्यांना तुमी काय सांगितलंत? बरं... हाय. मी इथं उभा होतो. तुमी मधी एवढं थांबलात, की माझी भट्टी विझली. पोरगं अजून बिनलग्नाचं हाय. त्यानं कुणाला विचारायचं, ती घार कोण म्हणून?"

यावर नागू रागावून निघून गेला. सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नाही. मस्का पाव न्यायला येणारी माणसं दूध न घेताच परत गेली.

मग नागूने डेअरीची पिकअप गाडी काढली आणि शिळफाटा गाठला. चिंधीला पहिल्यापासून आपली पुतणी हर्षदला द्यायची होती. लग्न मोडलं तर फायदा कुणाचा? नागूला हे एवढं स्पष्ट दिसत होतं, की आधी लियाकतकडे का गेलो याचंच त्याला नवल वाटलं.

चिंधीने पाण्याचा तांब्या पुढे केला. नागूने तो न घेताच विचारलं, "हर्षदच्या मांडीवर डाग हाय, तुला ठाऊक हाय ना?"

"हाय ना. ल्हानपनी चहाचं पातेलं सांडलं. तवा मीच त्याला दवाखान्यात नेला."

"आनि घोरतो, ते?"

"दहावीला माज्याकडं ऱ्हायला व्हता. सगळी आळी जागी असायची रं."

"झालं तर मंग. तूच घार."

चिंधीने तांब्या मागे घेतला. आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात साखरपुड्यासाठी नागूने पाठवलेली साडी होती. ती तिने भावाच्या मांडीवर ठेवली. "मी घार नि तू राजहंस. ही ने आनि तुज्या बायकोला नेसव. साकरपुड्याला बी येनार नाय आनि लग्नाला बी नाय. आनि माजं पाच तारं परत दे."

पाच तारे परत कसे द्यायचे हे नागूला ठाऊक नव्हतं. तो साडी घेऊन परत आला. एका दिवसात त्याने जुना शेजारी आणि सख्खी बहीण घालवली होती. घार अजून मोकळीच होती. आता उरला होता स्वतः हर्षद, आणि नागूने तोही सोडला नाही.

"खरं सांग. कोन हाय ती?"

हर्षद बापाकडे बघतच राहिला. "तुम्हालाही वाटतं, बाबा?" एवढंच तो म्हणाला, आणि जेवला नाही. जनीने दोन वेळा ताट वाढलं, दोन वेळा झाकून ठेवलं. नंतर ती देवापुढे जाऊन काहीतरी पुटपुटत बसली.

शनिवारी सकाळी मुलीकडून निरोप आला, की येऊन समोरासमोर काय ते सांगा. मुलीचे वडील आबाजी. खालापूरला तहसील कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहून देण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. तोंडच्या बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. शेजाऱ्याने "बरं आहे ना" विचारलं, तरी ते तारीख घालून सांगतील असा माणूस.

नागू, जनी आणि हर्षद पिकअपमध्ये बसून खालापूरला पोचले. आबाजींनी पाणी दिलं. चहा दिला नाही. भाविका दाराशी उभी होती. डोळे सुजलेले. तिने हर्षदकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. तिची आई सुनिता येऊन नागूच्या एका बाजूच्या खुर्चीवर बसली, कारण दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. नागूच्या दुसऱ्या बाजूला जनी होती.

"हे बघा नागूशेट," आबाजी म्हणाले, "मी मुलावर आरोप करत नाही. पण माझी मुलगी कालपासून जेवली नाही. तेव्हा मी मसुदा तयार केलाय. मुलाचे आईवडील म्हणून तुम्ही दोघांनी सही करायची. मग पुढचं बोलू."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "आम्ही खाली सह्या करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो, की घार या नावाने वावरणारी स्त्री कोण आहे हे आम्हांस ठाऊक नाही. तिचा आमच्या मुलाशी कोणत्याही प्रकारचा संबंध नाही. तसेच मुलाच्या डाव्या मांडीवरील डाग सदर स्त्रीने कधी, कोठे व कोणत्या कारणाने पाहिला, याची आम्हांस माहिती नाही."

"एकदम बरोबर," नागू म्हणाला आणि झोकात सही ठोकली.

कागद जनीपुढे आला. जनी सातवी शिकलेली. तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग पेनाचं टोपण लावलं.

"मी नाय सही करायची."

"का गं?"

"सरकारी कागद हाय. यातलं सगळंच खोटं हाय. त्या बाईचा नि आपल्या पोराचा संबंध हाय."

सुनिताने कपाळाला हात लावला. दाराशी भाविकाने चौकट धरली. हर्षद तर उभ्या जागी पांढरा पडला.

"म्हंजी तुला ठाऊक हाय ती कोन?" नागूचा आवाज चिरकला.

"हाय."

"मंग नाव सांग तिचं. आत्ताच्या आत्ता तिच्या घरावर जातो. पोराचं वाटोळं करनाऱ्या बाईला मी सोडनार नाय."

"घरावर कशाला जाता? ती तुमच्या बाजूलाच बसलीय."

नागूने गर्रकन मान वळवली आणि सुनिताकडे पाहिलं. मुलीची आई. अगदी तिच्यापर्यंत संशय पोचवायला नागूला फक्त एक क्षण लागला.

"तिकडं नाय," जनी म्हणाली. "हिकडं बगा."

"तू?" नागू म्हणाला. "अगं, सख्खी आई ना तू त्याची?"

"म्हनून तर लिवलं." जनीला एकदम रडू फुटलं. "तुमी गावभर फिरून कौतुक करवलं. राजबिंडा काय, कामसू काय. कोन कोन पक्षी येऊन गोड लिवून गेलं. एवढ्या लोकांनी वाचलं, पोराला दृष्ट नाय लागनार? ल्हान असताना मी त्याला तीट लावल्याबिगर उंबऱ्याबाहेर नाय काढला. आता त्या फोनमदी काजळ कुठं लावू? मंग म्हनलं, एक काळा ठिपका आपनच लावावा. एक तारा दिला. पन लिवायला काय दोषच सुचंना. घोरतो तेवढा सुचला. टॉवेल सुचला. मंग बसून बसून डाग आठवला."

"आणि कालपासून बोलली का नाहीस, आई?" हर्षदने विचारलं.

"तुजे बाबा म्हनत व्हते, सापडली की सोडनार नाय. मला वाटलं, शांत झालं की सांगंन. ते शांत झालंच नाय. मी चुकले, बाळा. तुला उपाशी झोपताना बघून माजा जीव तुटत व्हता."

आबाजींनी मसुदा उचलला, पुन्हा वाचला. "संबंध आहे हे तर सिद्ध होतंय," ते स्वतःशीच म्हणाले. "पण पुरावा?"

भाविका पुढे आली. तिने जनीचा फोन जनीच्याच तोंडापुढे धरून उघडला, घारीच्या मजकुरावर बोट दाबून ठेवलं आणि पडदा वडिलांना दाखवला. घारीने लिहिलेल्याखाली "काढून टाका" असं येत होतं. ते फक्त लिहिणारीलाच दिसतं. आबाजी समाधानाने मागे टेकले आणि पहिल्यांदा आत चहा सांगितला. सुनिता तोंडाला पदर लावून हसायला लागली. हर्षद मात्र भाविकाकडे बघत होता, आणि भाविका हसत नव्हती.

"घार कळली," ती म्हणाली. "मग पोपट, मैना, मोर, हंस हे सगळे कोण आहेत, काका?"

नागूने पंख्याकडे पाहिलं.

"माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीने एक मुलगा पाहिला होता," भाविका म्हणाली. "घरचे चौकशीला गेले. पुरुषांनी पुरुषांना विचारलं, सगळे म्हणाले चांगला आहे. ॲपवर पण पाच पाच तारे. लग्नानंतर कळलं, त्याची आधीच एक बायको आहे आणि तारे सगळे त्याच्या बहिणींनी दिलेले. मुलीला खरं सांगायला दुसरी मुलगीच लागते, काका. तिथेही तुम्ही घुसलात तर आम्ही विचारायचं कुणाला?"

"आणि माझं काय?" हर्षद पहिल्यांदा जोरात बोलला. "मांडी माझी, डाग माझा, आणि मलाच बघायची बंदी. खोटं कुणी लिहिलं असतं तर मी कुठं जाऊन सांगितलं असतं? तू तरी आधी माझं ऐकून घेतलंस का? फोन केलास तेव्हा साखरपुडा थांबवून झाला होता."

"नाही ऐकलं," भाविका म्हणाली. "घाबरले होते. ऐकायला हवं होतं."

दोघांचंही बरोबर होतं. चहा आला म्हणून बरं झालं.

"साखरपुडा उद्याच होईल," शेवटी भाविकाच म्हणाली. "पण ते सगळे पाच तारे आज काढायचे. सगळे."

"काढतो," नागू पडेल आवाजात म्हणाला. लियाकतकडे आणि चिंधीकडे जाऊन आधी पाया पडायचं आणि मग "माझ्या पोराचं कौतुक काढून टाका" म्हणायचं, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"मी बी माजं काढते गं," जनीने बोट पुढे केलं.

भाविकाने तिचा हात धरला. "डागाची ओळ काढा. बाकी राहू द्या, आई. त्या सगळ्यात तेवढंच खरं होतं. आणि ते वाचून दुसरी कुणी याच्या वाटेला जाणार नाही."

परतताना हर्षद खालापूरलाच थांबला. भाविकाबरोबर थोडं बोलायचं आहे, म्हणाला. पिकअपमध्ये नागू आणि जनी दोघंच. चौक गावापर्यंत नागूची शरम टिकली. पुढे पुन्हा संशयाने डोकं वर काढलं.

"काय गं, त्या चाळणीत फक्त लग्नाच्या पोरांचंच लिवत्यात ना?"

"नाय. नवऱ्यांचं बी हाय. वेगळं पान हाय."

"नवऱ्यांचं? कोन लिवतं?"

"बायका लिवत्यात. दुसरं कोन लिवनार?"

नागूने गाडी बाजूला घेतली. "तू लिवलंस?"

जनी खिडकीतून भाताच्या खाचरांकडे बघत राहिली.

"जने, किती तारं दिलंस?"

"ते सांगायचं नसतंय," जनी म्हणाली. "तिथं नाव गुप्त असतंय."

हर्षदचं लग्न व्यवस्थित पार पडलं. चिंधी आली, लियाकतने केक पाठवला. नागू आता रोज जेवून उठला की स्वतःचं ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवतो, आणि ठेवताना एकदा मागे वळून जनी बघतेय ना, याची खात्री करून घेतो.